एकदा मोजला की झालं?

आपली आपण चालणाऱ्या गाड्यांच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की समृद्धी महामार्गासारखा ७०१ किलोमीटरचा, कुंपण घातलेला रस्ता एकदा लेसरने मोजून त्याचा नकाशा केला की गाडी चालकाशिवाय जालन्याहून नागपूर गाठेल. समृद्धीपुरतं पटतंय. अमेरिकेत जनरल मोटर्सची 'सुपर क्रूझ' ही स्टीअरिंगला हात न लावता गाडी चालवू देणारी यंत्रणा अशाच आधी मोजून ठेवलेल्या रस्त्यांवर चालते. पण हे नकाशे सेंटीमीटरच्या हिशोबाचे. पट्टे, कठडे, पाट्या नकाशाशी ताडून गाडी स्वतःची जागा ठरवते. आणि आपल्याकडे काळी माती! पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर उचलतं. मग ठिगळं लागतात आणि पांढरे पट्टे ठिगळाखाली गडप. नकाशा जुना झाला की नाही? ऊसतोडीच्या हंगामात बीडकडे रात्री निघा. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही. तो कुठल्याच नकाशात सापडणार नाही, तिथे गाडीच्या सेन्सरवरच भिस्त.

'नकाशे गुगल करेल की' असं जे कुणी लिहिलंय, त्यांच्यासाठी: केंद्राच्या फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आडव्या मापात १ मीटर आणि उंचीत ३ मीटरपेक्षा बारीक नकाशे फक्त भारतीय कंपन्यांनाच बनवता येतात. परदेशी कंपनीने ते त्यांच्याकडून परवान्यावर घ्यायचे. म्हणजे मोजणी इथल्याच कुणाला करावी लागणार, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा. तो खर्च टोलमध्ये धरणार की गाडीच्या किमतीत, यावर इथे अजून कुणी बोललेलं दिसत नाही.