तिघी एकमेकींना इतक्या खेटून का स्केटिंग करतात?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): माझी मुलगी येथे रोलर स्केटिंग शिकते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधील बर्फावरच्या स्केटिंगची महिलांची सांघिक शर्यत पाहिल्यापासून, कॅनडाच्या तिघी एकमेकींना इतक्या खेटून का राहतात, असे ती सारखी विचारते. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (मंगळवार पेठ): ताई, पुढची खेळाडू वारा अंगावर घेते, म्हणून मागच्या दोघींचे श्रम वाचतात, मात्र संघाची वेळ तिसरीचे पाते रेषा ओलांडते तेव्हाच धरली जात असल्याने कोणालाही मागे सोडून चालत नाही. ब्लोंडिन, माल्टे आणि वाइडेमान यांनी सहा फेऱ्या २ मिनिटे ५३.४४ सेकंदांत पूर्ण करून सुवर्णपदक जिंकले. जपानची एक खेळाडू अखेरच्या वळणावर पडली, ते आठवले की आजही वाईट वाटते.

उत्तर (शाहूपुरी): मुलीला त्यांचे बूटही दाखवा. पाते चवड्यापाशी बिजागरीने जोडलेले असते, त्यामुळे टाच उचलली तरी ते बर्फावर टेकून राहते आणि रेटा अधिक वेळ देता येतो. शिवाय १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी कॅनडातल्याच कॅलगरीत बांधलेली बंदिस्त धावपट्टी हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत वेग वाढतो.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. बिजागरीचे चित्र तिने आताच वहीत काढायला घेतले आहे.