पिक्चर ट्यूब काढून एलईडी बसवला, याला जीर्णोद्धार म्हणायचं?

लातूरकर
परवा एकानं लिहिलं, "जुन्या व्हिडिओ गेमच्या डब्यातली ट्यूब अन् बोर्ड भंगारात द्या, एलईडी आणि हजार गेमवाला बोर्ड टाका, मशीन नवी." दोन दिवस ते डोक्यातून जाईना.

माझ्याकडं उदगीरच्या बंद पडलेल्या पार्लरची मशीन आहे. खालची फळी वाळवीनं खाल्लेली, तेवढं प्लाय बदललं. बोर्ड, म्हणजे गेमचं सर्किट, 'मुस्तफा'चा. आपल्याकडं 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या गेमला मुस्तफा म्हणतात. कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. ते चित्रच ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं, सेकंदाला पंधराएक हजार आडव्या ओळी काढणाऱ्या ट्यूबवर (१५ किलोहर्ट्झ) दिसावं म्हणून काढलेलं. ट्यूबवर ठिपक्यांच्या कडा एकमेकींत विरघळतात. एलईडीवर ताणलं की मुस्तफाचं तोंड विटा रचल्यासारखं दिसतं. स्वस्त पॅनेलवर बटण दाबल्यावर लाथही उशिरा बसते. रुपया-रुपया जमवून खेळलेल्या बोटांना ते लगेच कळतं.

संभाजीनगरकर
ती पोस्ट माझी. चार महिने ट्यूब सांभाळली मी. ईएचटी, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर गेला, त्या नंबरचा दुसरा मिळेना. पुण्याला पाठवला, पैसे गेले अन् वस्तू तशीच परत आली. घरात लहान लेकरं, आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट. मराठवाड्यात ट्यूबला हात लावणारा माणूसच उरला नाही. मग मी काय करायचं होतं?

परभणीकर
"उरला नाही" कुणी सांगितलं तुम्हाला? माझे वडील पस्तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करायलेत. आजही दुकान उघडतात. दिवसभर कोणी येत नाही, तरी टेबल पुसून बसतात. तुम्ही परभणीला विचारलं का? सरळ पुण्याची गाडी धरली.

जालनेकर
हेच दुखणं आहे आपलं. आजार असो, कॉलेज असो, मोटार बांधायची असो, पुण्याशिवाय पान हलत नाही. माझ्या भावानं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स केलं, आज चाकणला पॅकिंग करतो. गावात काम दिलं कुणी त्याला? आपणच आपल्या माणसाला विचारत नाही, मग म्हणायचं कारागीर नाहीत.

संभाजीनगरकर
माझ्यावर अख्ख्या मराठवाड्याचा अनुशेष टाकू नका. मी गावातली तीन दुकानं फिरलो. तिघांनीही "नवा घ्या" म्हणून हात वर केले. ते पुण्याचे होते का?

जालनेकर
नव्हते. पण त्यांना तसं बोलायला कुणी शिकवलं? गिऱ्हाइकानंच ना? पाचशे रुपये मजुरी सांगितली की आपण उठून जातो.

लातूरकर
भांडण बरोबर आहे, पण ट्यूब राहिली बाजूला. माझ्या मशीनवर मधोमध एकच पांढरी आडवी रेघ यायची. तिघांनी ट्यूब गेली म्हणून सांगितलं.

परभणीकर
ट्यूब गेली असती तर रेघ तरी कुठून आली असती? तो व्हर्टिकलचा, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणाऱ्या सर्किटचा फॉल्ट. वडील आधी ट्यूबचा चार्ज अर्थला उतरवतात, मग भिंग घेऊन बोर्ड उलटा धरतात. व्हर्टिकल आयसीच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर असते. तापून-थंडावून कथिल सुटलेलं. जुनं उपसून नवा टाका द्यायचा, जवळचे दोन कंडेन्सर बदलायचे. बहुतेकदा चित्र उघडतं.

लातूरकर
माझंही तसंच उघडलं. नांदेडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं केलं.

जालनेकर
आणि मुस्तफाचा ओरिजिनल कॅपकॉम बोर्ड असेल तर त्यावरची बॅटरी बघा. ती मेली की गेम सुरूच होत नाही. मग ट्यूब कितीही चांगली असो.

संभाजीनगरकर
ठीक आहे. तीन दुकानांवरून सगळा मराठवाडा मोजला, ते चुकलं. पण लेकरं रोज खेळतात, दुरुस्ती होईपर्यंत एलईडी निघणार नाही. जुनी ट्यूब माळ्यावर आहे, फेकलेली नाही. पार्सलनं पाठवू का परभणीला?

परभणीकर
पार्सल नको. ट्यूबची मागची बारीक मान फुटली की संपलं. ईएचटीवरचा नंबर अन् चासीचा, म्हणजे ट्यूब चालवणाऱ्या सर्किटचा फोटो टाका. वडिलांना दाखवतो. त्यांच्याकडं जुन्या सेटचे काढून ठेवलेले सुटे भाग दोन खोके भरून आहेत, त्यात ईएचटी मॅच झाला तर रविवारी त्यांना घेऊन मीच येतो.