'सामूहिक अत्याचारांसाठी गुन्हेगारी दायित्व' हे मराठीत बरोबर आहे का?

प्रश्न: मी सोलापुरात लॉ करतोय. कंपनीनं युद्धातल्या कत्तलींना मदत केली तर कंपनीवरच खटला भरता येतो का, यावर मराठीत निबंध लिहायचाय. हेडिंग वरचंच दिलंय. चालेल का?

उत्तर: 'सामूहिक अत्याचार' तेवढं काढाच. पेपरात तो शब्द बलात्काराच्या बातमीला येतो आणि 'अ‍ॅट्रॉसिटी' म्हणलं की आपल्याकडं सगळ्यांना 1989 चा कायदाच आठवतो, मग वाचणारा हेडिंगमध्येच भलतीकडं जातो. 'नरसंहार' पण सगळीकडं बसत नाही, त्याला विशिष्ट गटच संपवायचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. सरळ 'मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि युद्धगुन्हे' लिहा, लांब होतंय पण पक्कं आहे. 'दायित्व' ताळेबंदात शोभतं. कोर्टात सगळे दिवाणी-फौजदारीच बोलतात, म्हणून 'फौजदारी जबाबदारी'.

दुसरं उत्तर: वरचे सर म्हणतात ते पटलं, पण गोची 'व्यक्ती' शब्दात आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत 'कंपनीवर केस झाली' म्हणलं की पहिला प्रश्न येतो, मालकावर का? तुमच्या विषयात नेमका हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीनं आउश्वित्झजवळच्या कारखान्यात नाझी छळछावणीतले कैदी राबवले, 1948 ला न्यूरेंबर्गच्या खटल्यात 13 अधिकारी दोषी ठरले, पण कंपनी स्वतः आरोपी नव्हतीच. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारानं उभं राहिलं, त्या 1998 च्या रोम कराराच्या वेळी फ्रान्सनं कंपन्यांना पण आत घ्या म्हणून प्रस्ताव दिलेला, तो टिकला नाही, कलम 25 मध्ये फक्त 'नैसर्गिक व्यक्ती', म्हणजे हाडामांसाचा माणूस, राहिली. म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात डायरेक्टरवर केस चालेल, कंपनीवर नाही. आपल्याकडं फौजदारी कायद्यात 'व्यक्ती'मध्ये कंपनीपण धरतात, त्यामुळं निबंधात नुसतं 'व्यक्ती' लिहिलं तर घोटाळा होणार. दरवेळी 'माणूस' का 'कंपनी' ते स्पष्ट लिहा.

प्रश्नकर्ता: मग लाफार्ज या फ्रेंच सिमेंट कंपनीचं कसं लिहू? 'कंपनी कटात सामील' असं लिहिलंय.

दुसरं उत्तर: 'कट' नको, त्यात सगळ्यांनी मिळून ठरवलं असा अर्थ येतो. सिरियातला सिमेंट कारखाना चालू राहावा म्हणून आयसिससकट हत्यारबंद गटांना पैसे दिले, असं ते प्रकरण आहे, आणि फ्रान्समध्ये 2018 ला खुद्द कंपनीवर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना साथ दिल्याचा आरोप ठेवला. तिथल्या वरच्या कोर्टानं 2021 ला सांगितलं की साथ देणाऱ्याचा हेतू मारणाऱ्यासारखाच असायला पाहिजे असं नाही, समोरचे काय करतायत हे माहीत असून मदत केली तरी पुरे. म्हणून 'साथ दिल्याचा आरोप' लिहा.