शेपटीचं टोक फुटलंय, गणपतीला 19 दिवस उरलेत. काय बांधू?

पडवीवाली

प्रश्न हसण्यासारखा वाटेल, हसा खुशाल, पण इथे भिंती रक्ताने माखल्यात.

आमचा गुंड्या साडेचार वर्षांचा. आई लॅब्रेडोर, बाप वाडीतलाच कुणीतरी. वजन 31 किलो, अंगावर आखूड केस, आणि शेपूट म्हणजे निव्वळ आसूड. गेल्या मंगळवारी पहाटे सासूबाई पडवीत आल्या आणि किंचाळल्याच. पांढऱ्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला लाल शिंतोडे, रंगपंचमीची पिचकारी मारावी तसे. भिंत आदल्याच आठवड्यात गणपतीसाठी रंगवलेली. आमच्याकडे रात्रीचा बिबट्या फिरतो, दोन वर्षांपूर्वी शेजारचं कुत्रं ओटीवरून उचललंय. त्यांना वाटलं, संपला गुंड्या. तो त्यांच्या मागेच उभा होता आणि शेपूट हलवत त्यांच्या पातळावर आणखी नक्षी काढत होता.

घर जुनं, गुहागरजवळच्या वाडीत. पडवीचे खांब जांभ्या चिऱ्याचे, गिलावा नाही. (यजमानांना ‘तसंच छान दिसतं’. रंगवायला त्यांना लागत नाही ना.) जांभा कसा असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, खवणीच ती. गुंड्या नेमका खांब आणि झोपाळा यांच्या मधल्या हातभर जागेत उभा राहून येणाऱ्याचं स्वागत करतो. पोस्टमन आला, थप थप थप. दूधवाली आली, थप थप थप. आम्ही घरात नुसतं त्याचं नाव काढलं तरी थप थप. टोकावरचे केस उडालेत, मधोमध एक चीर आहे. इवलीशी, पण खपली धरली की तासाभरात पुन्हा फुटते.

आतापर्यंत हळद दाबली. पट्टी बांधली, ती दहा मिनिटांत उडाली आणि वाळत घातलेल्या सोलांच्या सुपात सापडली. मुलाचा मोजा घातला, तो त्याने खाल्ला. तालुक्याचे गुरांचे डॉक्टर शेजारच्या म्हशीला बघायला आले होते, त्यांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “वहिनी, हा शेपूट हलवायचा थांबला की जखम बरी होईल.” ते मलाही कळतंय हो. थांबवायचा कसा?

त्यात पाऊस. बांधलेलं काहीही संध्याकाळपर्यंत ओलं. आणि चतुर्थीला मुंबई-पुण्याहून 17 माणसं येणार, प्रत्येक जण दारातूनच “गुंड्याऽऽ” करत येणार. कुणाला अनुभव आहे का?

खाडीपलीकडचा

ताई, मी दाभोळच्या बाजूचा. आमच्या काळ्याचं तीन वर्षांपूर्वी अगदी हेच. फरक एवढाच की तो लोखंडी गेटवर आपटायचा.

नुसती पट्टी राहत नाही, कारण शेपूट टोकाकडे निमुळती होते आणि झटक्याने पट्टी तिकडेच सरकते. मी एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम आणला. एसी बसवणाऱ्या पोराकडे तुकडे पडलेले असतात, फुकट देतो. वीतभर तुकडा घ्या. भोक शेपटीपेक्षा थोडं सैल हवं आणि फोम टोकाच्या पुढे दीड-दोन बोटं गेला पाहिजे, म्हणजे आपटेल तो फोम, टोक नाही. पुढचं तोंड उघडं ठेवा, बाजूंना कात्रीने भोकं पाडा. आतून वारा खेळला नाही तर जखम चिघळते, आपल्या हवेत तर हमखास.

फोम अडकवायची खुबी अशी. आधी कागदी चिकटपट्टीच्या दोन उभ्या पट्ट्या शेपटीच्या केसांवर लांबीच्या दिशेने लावा, जखमेच्या वर, निरोग्या भागावर. फोम त्यांच्यावर चढवा. पट्ट्यांची उरलेली टोकं फोमवर उलटी दुमडा आणि मग वरून तिरपी पट्टी गुंडाळत न्या. गोल गोल एकाच जागी गुंडाळू नका. आमचा पहिला दोन दिवस राहिला, दुसरा त्याने समुद्रात धुतला, तिसऱ्यापासून जमलं. एकूण पाच आठवडे लागले. घाई नको.

माडाखालचो

अगो बाय, शेपटेक कित्याक बांधतंस? खांबाक बांध! गोणपाट नायतर जुनी गोधडी गुंडाळ दोन हात उंचीपर्यंत. आणि चाकरमानी इले की कुत्र्याक आधी खळ्यात सोड. थय वाऱ्याक आपटूची ती आपटांदे. आमचो टिपू अशानच बरो झालो.

पडवीवाली

काका, गोधडीचं सासूबाईंना सांगितलं. “गणपतीच्या दिवसांत खांबांना गोधड्या? लोक काय म्हणतील?” लोकांना त्या ‘रक्त चालेल’ असं सांगणार आहेत का, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

टाके-सोडवी

मी रत्नागिरीला जनावरांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होते, नऊ वर्षं. फोम चांगला उपाय आहे, पण लोक जिथे फसतात ते सांगते.

टोक बरं व्हायला इतका वेळ लागतो, कारण तिथे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस जवळजवळ नसतंच. रक्तही कमी पोचतं. त्यामुळे पट्टी आवळली की आहे तेवढंही बंद होतं. मी एक शेपूट पाहिली, पट्टीखालची चार बोटं काळीठिक्कर. घरच्यांनी ‘सुटू नये म्हणून’ सुतळी बांधली होती. बांधल्यावर रोज दोनदा पट्टीच्या वरचा भाग हाताने चाचपा. सुजलेला, थंड लागला, वास आला किंवा कुत्रा अचानक तिथेच कुरतडायला लागला तर लगेच सोडा. ओली झाली तर त्याच क्षणी बदला, रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

हळद बंद करा. वाईट म्हणून नाही, पण ती जखमेत गोळा होऊन बसते आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही. रक्त थांबवायला कुणी कॉफी पावडर सुचवेल, ती तर नकोच, तो चाटणार. रक्त आलं तर स्वच्छ फडक्याने पाच मिनिटं दाबून धरा, मधे उघडून बघू नका. धुवायला मिठाचं पाणी, दुकानात सलाइन मिळतं ते.

चाटत असेल तर गळ्यात प्लास्टिकचा कर्णा लागेल. सगळ्यात महत्त्वाचं, घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं. पॅरासिटामॉलही नको. डॉक्टर देतील तेवढंच.

पावसात माशी बसू देऊ नका. हिरवी माशी अंडी घालून गेली की एका दिवसात किडे. आमच्याकडे गुरांच्या जखमेभोवती करंजेल लावतात, तुम्ही फार तर पट्टीच्या बाहेरच्या थराला लावा, जखमेला नाही. किडे दिसले तर घरी टर्पेंटाइन ओतत बसू नका, उचलून डॉक्टरकडे न्या.

अर्धाकच्चा

अवांतर. ताई, शिंतोडे कुठल्या बाजूला जास्त आहेत ते बघा. 2007 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी 30 कुत्र्यांच्या शेपट्या कॅमेऱ्याने टिपून मोजल्या होत्या. मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकते, दांडगा अनोळखी कुत्रा दिसला की डावीकडे. म्हणजे कदाचित एकाच खांबाला गोधडी पुरेल.

पडवीवाली

अर्धाकच्चा, तुम्ही मला कंदील घेऊन पडवीत उकिडवं बसायला लावलंत. तो अंगणाकडे तोंड करून उभा राहतो, उजवीकडे खांब, डावीकडे झोपाळ्याची कडी. खांबाच्या बाजूला शिंतोडे दुपटीने तरी जास्त! पण झोपाळा लाकडी आणि हलता, खांब चिऱ्याचा, हेही आहेच. सासूबाईंना मात्र इटलीचं सांगून एका खांबाची परवानगी काढली.

दोनदा फसलेला

सगळं करूनही बरं झालं नाही तर? आमची ग्रेट डेन होती. तीन महिने पट्ट्या, फोम, सिरिंजचं नळकांडं, सगळं झालं. शेवटी आत हाड दिसायला लागलं. डॉक्टरांनी खालचा तिसरा हिस्सा काढला, दोन मणक्यांच्या सांध्यातून कापून वर कातडी शिवतात. आम्ही आधी घाबरून फारच थोडं कापायला सांगितलं होतं, ते पुन्हा आपटून फुटलं आणि दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली. वेळ आलीच तर डॉक्टर म्हणतील तेवढं एकदाच कापू द्या. बारा दिवसांनी टाके निघाले. उरलेल्या शेपटीने ती तितक्याच जोरात स्वागत करायची, फक्त भिंतीपर्यंत पोचायची नाही.

टाके-सोडवी

बरोबर. एक राहिलं. शेपूट फुटलेली नाही पण मुळापासून लोंबतेय, कुत्रा हलवतच नाही, असं असेल तर ते दुखणं वेगळं. खाडीत खूप पोहल्यावर स्नायू आखडतात. ते बहुधा विश्रांतीने काही दिवसांत सुटतं, पण शेपूट मोडलेली नाही ना एवढं दाखवून घ्यायचं. गुंड्याचं ते नाही.

पडवीवाली

उशिरा लिहितेय, घरात पाहुणे होते ते कळलंच असेल.

चिपळूणला नेलं, 40-45 किलोमीटर, रिक्षात शेपूट माझ्या मांडीवर. डॉक्टरांनी कडा साफ करून पट्टी बांधली आणि फोम बघून म्हणाले, हाच ठेवा. त्यानंतर एकूण सात फोम लागले. पहिला तुळशीवृंदावनात सापडला, दुसरा सापडलाच नाही. तिसऱ्यापासून उभ्या पट्ट्यांचं तंत्र जमलं, खाडीपलीकडच्या दादांचे आभार. चुलीजवळ दोरीवर फोम वाळत टाकायचो, एक वाळेपर्यंत दुसरा.

पाहुण्यांना फोन करून आधीच दम दिला होता. रिक्षातून उतरायचं, बॅग ठेवायची, गुंड्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. तो अंगणात येऊन चारी पाय जमिनीवर टेकवून जरा शांत झाला की मग खाली बसून छातीला खाजवायचं. सोळा जणांनी पाळलं. सतरावे माझे धाकटे दीर. “वहिनी, कुत्र्याशी बोलायला आता अर्ज करायचा का?” म्हणत थेट पडवीत, आणि थप थप थप. पण गोधडीवर. आवाजसुद्धा उशी झोडल्यासारखा आला.

गौरी गेल्या त्या रात्री खपली आपोआप पडली. खाली गुलाबी, कोरडं. आज सहावा आठवडा, टोकावर केस नाहीत, मुगाएवढी टणक गाठ आहे. डॉक्टर म्हणाले राहू दे, फोम अजून पंधरा दिवस रात्रीचा घाला.

गोधडी काढायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, असू दे. दुपारी भाजी निवडताना त्या तिलाच पाठ टेकून बसतात.