मदत हवी आहे: सिलॅबसची एक ओळ अभ्यासाला नेमकी कशी घ्यायची? (राज्यसेवा, वर्णनात्मक पॅटर्न)

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यात ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे तलाठी आहे. नोकरी सांभाळून राज्यसेवेचा अभ्यास करते. मुख्य परीक्षा यूपीएससीच्या धर्तीवर झाल्यापासून दोन्हीकडे फॉर्म भरायचं ठरवलंय. पुस्तकं आहेत, रात्री दोन-अडीच तास बसणंही होतं. मी अडलेय ती आयोगाच्या सिलॅबसच्या पानांवर.

जुन्या पॅटर्नला मी दोनदा मेन्स दिली. जीएसचे (सामान्य अध्ययनाचे) चार पेपर, प्रत्येकी १५० गुण, सगळं वस्तुनिष्ठ. तेव्हाचा सिलॅबस लांबलचक असला तरी हाताशी धरता यायचा. कायद्यांची नावंसुद्धा लिहून दिलेली होती: माहितीचा अधिकार, ग्राहक संरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी. मुद्दा वाचला, पेन्सिलने खूण केली, पुढचा घेतला. माझ्या प्रिंटवर अशा खुणा शेवटच्या पानापर्यंत आहेत.

आता लेखी १७५० गुणांची, मुलाखत २७५ ची, जीएसचा प्रत्येक पेपर २५० चा. २०२३ मध्ये पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि हा बदल २०२५ पर्यंत पुढे गेला, तेव्हा मलाही हायसं वाटलं होतं. पण मधला सगळा वेळ मी खुणा करण्यातच घालवला.

अडचण उदाहरणाने सांगते. यूपीएससीच्या जीएस तीनमध्ये एक ओळ आहे: आपत्ती आणि आपत्ती व्यवस्थापन. बस, एवढीच. जीएस एकमध्ये दुसरी ओळ आहे, तिच्यात भूकंप, त्सुनामी, ज्वालामुखी, चक्रीवादळ वगैरे भूभौतिक घटना येतात. माझ्या आईचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट मी लहानपणापासून ऐकत आलेय. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं ओझं. माणसं त्याखालीच गेली. दख्खनचा भाग स्थिर समजला जायचा. २००२ च्या नकाशात हा पट्टा तिसऱ्या भूकंपक्षेत्रात गेला.

आता हे मी कुठे लिहू? जीएस एकच्या फाइलमध्ये की तीनच्या? पुनर्वसनात गावं हलली, गल्ल्यांची शेजारपाजाराची घडी मोडली, ते समाजाच्या फाइलमध्ये घालू का? मी तिन्हीकडे लिहिलं. तीन वेगवेगळ्या नोट्स झाल्या आणि उजळणीला एकही धड हाती लागत नाही. जवळपास प्रत्येक ओळीचं असंच झालंय. भिंतीवर सिलॅबस चिकटवलाय, रोज वाचते, पण कुठल्या ओळीत किती खोल जायचं आणि कुठे थांबायचं ते कळत नाही.

ज्यांनी वर्णनात्मक मेन्स लिहिली आहे त्यांनी कृपया सांगा. 'सिलॅबस पाठ करा' हे खूप जणांनी सांगितलंय, तो पाठ आहे. पुढे काय करायचं ते हवंय.

प्रतिसाद १

ताई, मी मराठी माध्यमातून यूपीएससीची मेन्स दोनदा लिहिली आहे. पहिल्या वेळी माझंही असंच झालं होतं.

ओळ एकटी वाचू नका. २०१३ पासूनचे जीएसचे पेपर काढा, कारण चार पेपरांची ही रचना त्या वर्षीपासूनची आहे. प्रत्येक प्रश्न त्याच्या ओळीखाली न्या. मी तर प्रिंट काढून कात्रीने कापून वहीत चिकटवले होते. प्रत्येक ओळीला दोन पानं सोडायची, डाव्या पानावर प्रश्न, उजवं कोरं. आठ-दहा प्रश्न एकाखाली एक आले की ओळ केवढी आहे ते दिसतं. आपत्तीच्या ओळीखाली पूर, दरड, भूकंप हे सगळं येईल, पण विचारलेलं असतं वेगळंच: धोका कुणाला जास्त, यंत्रणा कोणती, आधी काय करायला हवं होतं, आपत्तीचा धोका कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय सेंडाई आराखडा काय म्हणतो. भूकंप का होतो हा प्रश्न तिथे सहसा नसतो, तो पेपर एकचा.

आणि एका घटनेच्या तीन नोट्स मुळीच काढू नका. किल्लारीचं पान एकच ठेवा. कारण, नुकसान, घरबांधणी, पुनर्वसन, नंतर काय बदललं, सगळं त्यावर. फाइलींमध्ये फक्त 'किल्लारी, पान अमुक' एवढंच लिहा. उत्तर लिहिताना त्या पानातलं प्रश्नाला लागेल तेवढंच उचलायचं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. प्रिलिमपुरती एक भर घालते. सिलॅबस काय वाचू नये तेही सांगतो, आणि तिकडे आपलं लक्ष जात नाही. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत पर्यावरणाच्या ओळीत स्पष्ट म्हटलंय की विषयाचं विशेष ज्ञान लागणार नाही अशा सर्वसाधारण बाबी. तरी मुली पदवीची जाडजूड पुस्तकं घेऊन बसतात. पेपर दोनमध्ये अंकगणिताला दहावीचा स्तर लिहिलाय. इतिहासाच्या ओळीत महाराष्ट्राचा विशेष संदर्भ आहे. या विशेषणांवर लाल रेघ मारा, थांबायचं कुठे ते त्यांतच आहे.

ताई, नोट्स आणखी वाढवण्याआधी एक उत्तर लिहून बघा. लिहिल्याशिवाय काय कमी पडतंय ते कळणार नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, ताई, दोघांचेही मनापासून आभार. रविवारी कात्री घेऊन बसले. आपत्तीच्या ओळीखाली २०२१ चा प्रश्न मिळाला: भारताला भूकंपाचा धोका किती, आणि गेल्या तीन दशकांत देशाच्या वेगवेगळ्या भागांत झालेल्या मोठ्या भूकंपांची उदाहरणं द्या. दीडशे शब्दांची मर्यादा ठेवून लिहिला. निम्मे शब्द एकट्या किल्लारीवर गेले. १९९७ चं जबलपूर आणि १९९९ चं चमोली आठवलंच नाही, २००१ च्या भुजला एक ओळ मिळाली. प्रश्नातले 'वेगवेगळ्या भागांत' हे शब्द मी वाचलेच नव्हते. आईकडून ऐकलेल्यातलं फक्त माळवदाचं वाक्य उत्तरात शोभलं, कारण घरांच्या बांधणीमुळे माणसं गेली हा मुद्दा त्यातून उभा राहिला. बाकीचं सगळं खोडलं. तिन्ही नोट्स फाडून एक पान केलंय.

आता पेपर चारबद्दल, म्हणजे नीतिशास्त्राच्या पेपरबद्दल विचारते. सचोटी, निःपक्षपातीपणा या ओळींखाली प्रश्न चिकटवले. उदाहरणं बाहेर शोधायला गेले तर सगळ्यांची तीच थोर माणसं येतात. मागे अतिवृष्टीच्या पंचनाम्यात माझ्या चुलत्यांचं शेत आलं होतं. सोयाबीन खरंच पाण्यात होतं, ३३ टक्क्यांच्या वर नुकसान डोळ्यांना दिसत होतं. तरी मी मंडळ अधिकाऱ्यांना सांगून त्या गटाचा पंचनामा शेजारच्या सजाच्या (तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांच्या गटाच्या) सहकाऱ्याकडून करवून घेतला. चुलते महिनाभर बोलले नाहीत. असं स्वतःच्या नोकरीतलं उदाहरण उत्तरात लिहिलेलं चालतं का? उत्तरपत्रिकेत ओळख उघड करायची नसते हा नियम माहीत आहे. मग 'एका तलाठ्याने' असं तिऱ्हाइतासारखं लिहायचं, की हे उदाहरण सोडूनच द्यायचं? ज्यांनी पेपर चार लिहिलाय त्यांनी एवढं सांगावं.