२५ मिमी बोअरचा ॲल्युमिनियम पिस्टन: क्लिअरन्स किती ठेवायचा, कामाचा क्रम कसा?

बिडाचा_लायनर

फोर-स्ट्रोक, एअर-कूल्ड, स्पार्क प्लगवर चालणारं मॉडेल इंजिन आहे. लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं) बिडाचं, होन करून (आतून बारीक घासून) २५.०० मिमीवर आणलेलं. पिस्टन ६०८२-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या ३० मिमी दांड्यातून काढायचा आहे. लांबी २६ मिमी, १ मिमी जाडीच्या दोन बिडाच्या रिंगा, गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणारी) ६ मिमी. ड्रॉइंगमध्ये पिस्टनचा व्यास क्राऊनपासून (वरचं बंद टोक) स्कर्टपर्यंत (खालचा उघडा भाग) सरळ २४.९५ दिलाय.

हाताशी छोटं लेथ, तीन जॉचं चक आणि व्हर्टिकल स्लाइड (जॉब धरून वर-खाली सरकवणारी). मिलिंग मशीन नाही.

२४.९५ सगळीकडे चालेल का? पिनचं भोक पाडायला जॉब चकातून काढावाच लागणार, मग परत पकडल्यावर तो सेंटरला कसा आणायचा? आणि शेवटी पिस्टन लॅप करून (घासणारी पेस्ट लावून) बोअरला बसवावा की टर्निंगवरच सोडावा?

---

पाव_सूत

सरळ २४.९५ ठेवू नका. हिशेब सोपा आहे. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, बीड ११. क्राऊन २०० अंश से. आणि लायनर १२० धरा, वर्कशॉप २०. पिस्टन वाढतो २५ × ०.००००२३ × १८०, म्हणजे ०.१०३ मिमी. लायनर वाढतं ०.०२७. फरक ०.०७६. तुमच्याकडे जागा ०.०५ ची. म्हणजे गरम झाल्यावर क्राऊन बोअरपेक्षा मोठा होणार आणि इंजिन सीझ.

स्कर्ट तेवढा तापत नाही. तो १३० आणि तिथलं लायनर १०० धरलं तर फरक ०.०४ येतो, तिथे ०.०५ पुरतो. म्हणून:

क्राऊनची वरची लँड (रिंगेच्या खोबणीशेजारचा पट्टा) २४.८८ ते २४.९०. दोन रिंगांमधली लँड २४.९०. खालच्या रिंगेखाली स्कर्ट २४.९४ ते २४.९५, सरळ.

वरच्या ढिलेपणाने कॉम्प्रेशन जाईल अशी भीती नको. सील रिंग करते, लँड नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात हे आकडे थोडे घट्ट करता येतात, एअर-कूल्डमध्ये करू नका.

आणि मोजताना जॉब पूर्ण गार होऊ द्या. कट घेतल्या घेतल्या जॉब २० अंशांनी जरी गरम असला तरी २५ मिमीवर मायक्रोमीटर ०.०११ जास्त दाखवतो. त्या मापावर शेवटचा कट घेतला की गार झाल्यावर पिस्टन तेवढाच लहान निघतो.

---

फेसिंग_आधी

क्रमाबद्दल. तीन जॉच्या चकात परत पकडून सेंटर शोधत बसण्यापेक्षा पिस्टनला त्याच्या स्वतःच्या तोंडावर बसवा. जुनी पद्धत आहे आणि घरच्या लेथला तीच सोयीची.

दांडा चकात धरा. जे टोक बाहेर आहे ती स्कर्टची बाजू. फेस करा, बाहेरून २५.५ पर्यंत रफ करा आणि त्याच पकडीत तोंडाला २१ मिमी व्यासाचं, ३ मिमी खोल रजिस्टर (पुढे फिक्स्चरवर बसवायची बैठक) बोअर करा. रजिस्टर आणि फेस एकाच पकडीत झाले पाहिजेत, पुढचं सगळं काम या दोघांवर उभं आहे. मग २७.५ लांबीवर पार्ट करा (कापून वेगळा करा). दीड मिमी जास्त आहे ते क्राऊनकडे राहतं.

आता गजन पिनचं भोक, पण आतून पोकळ करण्याआधी. पोकळ जॉबमध्ये ड्रिल पहिली भिंत पार करून दुसऱ्या भिंतीवर टेकताना सरकतं आणि दोन भोकं एका रेषेत येत नाहीत. भरीव धातूतून ५.८ पर्यंत पाडून ठेवा, रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) आत्ता नको.

त्यानंतर स्कर्टकडून ८ मिमीच्या स्लॉट ड्रिलने कनेक्टिंग रॉडसाठी १८ मिमी लांब खाच, पिनला काटकोनात. क्राऊनला तयार मापात ३ मिमी जाडी राहील इतकीच खोल. कट १ मिमीचे. कटर कॉलेटमध्ये धरा. तीन जॉच्या चकात कडक शँक पकड सोडते, कटर हळूहळू बाहेर सरकतो आणि खाच ठरवल्यापेक्षा खोल जाते. पिस्टनमध्ये ती चूक म्हणजे पातळ क्राऊन.

अख्खा पिस्टन आतून २१ ने बोअर करायचा मोह होईल. करू नका. रिंगेच्या खोबणीचा तळ २२.५ वर येतो, मग मागे पाऊण मिमीची भिंत उरेल. रजिस्टर ३ मिमीपुरतंच. वजन कमी करायचं असेल तर पिनच्या बॉसच्या (पिन धरणारा जाड भाग) खालपर्यंत १८ ने बोअर करा.

खाच झाल्यावर पिनचं भोक ६ च्या रीमरने एका दमात आरपार. १५० ते २०० आरपीएम, केरोसीन भरपूर, आणि रीमर उलटा फिरवायचा नाही.

मग फिक्स्चर. चकात एक ३० मिमीचा तुकडा धरून त्यावर २१ चा स्टब टर्न करा, पिस्टनचं रजिस्टर बोटाच्या दाबाने बसेल असा, २.५ मिमी उंच. मधून भोक. त्यातून ७.५ मिमी जाडीच्या डोळ्याचा ड्रॉ-बोल्ट, डोळ्यात ६ मिमीची तात्पुरती पिन, मागून स्पिंडलमधून नट. हा स्टब चकातून काढायचा नाही. तो तिथेच टर्न झालाय म्हणून चक कितीही लंगडं असलं तरी पिस्टन खरा फिरतो. व्यास, लँड, खोबणी, क्राऊनचं फेसिंग, सगळं एकाच पकडीत होतं.

नट हलकाच कसा. जोरात ओढला की स्कर्ट पिनच्या दिशेने अंडाकृती होतो, टर्न करताना गोल दिसतो आणि नट सोडला की पुन्हा वाकडा.

---

डायल_काका

वरच्या क्रमाला माझी पूर्ण संमती, पण पिनचं भोक काटकोनात कसं येणार ते राहिलं.

मिलिंग मशीन नसेल तर व्हर्टिकल स्लाइड ९० अंशांत फिरवा, तिचं तोंड बेडला समांतर होईल अशी. डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं घड्याळ) लावून सॅडल चालवत बघा, ५० मिमीत ०.०१ च्या आत आणा. पिस्टनचा फेस केलेला स्कर्ट त्या तोंडावर टेकवून क्राऊनवरून पट्टीने आवळा. क्राऊनला दीड मिमी जास्त आहे, खुणा पडल्या तरी चालतात. आता हेडस्टॉकमधलं ड्रिल पिस्टनच्या आडवं जातं आणि काटकोन स्लाइडच्या तोंडाकडून फुकटात मिळतो.

उंचीसाठी चकात ६ मिमीची सरळ सळई धरा, पिस्टनवर पातळ कागद ठेवून तो अडकेपर्यंत टेकवा, मग स्लाइड १५.७५ अधिक कागदाची जाडी एवढी सरकवा. २५.५ आणि ६ च्या बेरजेचं निम्मं ते १५.७५. मध्यापासून भोक ०.१ सरकलं तर इंजिनाला कळतही नाही, मोठ्या इंजिनांत तर पिन मुद्दाम थोडी बाजूला ठेवतात. काटकोन चुकला तर मात्र लगेच कळतं.

तपासणी: रीमर झाल्यावर भोकात १०० मिमी लांब सळई घाला, स्कर्टचा फेस सपाट पाट्यावर ठेवा आणि सळईच्या दोन्ही टोकांची उंची डायलने घ्या. फरक ०.०३ च्या आत असेल तर पुढे जा. ०.१ असेल तर तो पिस्टन बाजूला ठेवा, टर्निंगने तो सुधारत नाही.

---

बिडाचा_लायनर

फिक्स्चर समजलं. दोन गोष्टी अजून. खोबणीचं टूल कसं घासू? आणि ७०७५ चा दांडाही आहे माझ्याकडे, तो जास्त मजबूत म्हणून वापरू का?

---

पाव_सूत

७०७५ नको. गार असताना मजबूत आहे खरं, पण १५० अंशांच्या पुढे त्याची ताकद झपाट्याने उतरते, आणि क्राऊन नेमका तिथेच राबतो. २०२४ हा मिश्रधातू मिळाला तर घ्या, नाहीतर तुमचं ६०८२ पुरे. फक्त ६०८२ चिकट आहे, टूलच्या धारेवर धातू साचतो. एचएसएस टूल ऑइल स्टोनवर धार लावून, १००० आरपीएमच्या आसपास, केरोसीन लावत राहा.

लॅपिंगचा प्रश्न मागे पडला. ॲल्युमिनियमचा पिस्टन लॅप करायचा नाही. ॲब्रेसिव्हचे कण मऊ धातूत रुततात, धुऊन निघत नाहीत, आणि मग पिस्टनच लायनर घासत बसतो. लॅपिंग बिडाच्या, बिनरिंगच्या पिस्टनसाठी.

शेवटच्या मापासाठी टॉप स्लाइड (टूल सरकवणारी वरची छोटी स्लाइड) ५.७४ अंशांवर लावून ठेवा. हँडल ०.१ फिरवलं की टूल ०.०१ आत जातं, व्यासात ०.०२. छोट्या लेथवर यापेक्षा बारीक कट घेण्याची खात्रीची युक्ती मला तरी माहीत नाही.

---

फेसिंग_आधी

पण खोबणी काढताना टॉप स्लाइड परत शून्यावर, डायलने बेडला समांतर आणा. विसरलात तर खोबणीच्या बाजू हलवताना खोलीही बदलेल.

टूल ०.८ मिमी रुंद घासा, १ चं नको. दोन्ही बाजूंना दीड-दोन अंश क्लिअरन्स, पुढे ७. आधी मध्यभागी तळापर्यंत आत जा, मग टॉप स्लाइडने एकेक बाजू तासा. सील खोबणीच्या बाजूवर होतं, आणि सरळ आत घुसवलेल्या टूलची बाजू खरखरीत येते. ३०० आरपीएम, हात थांबवायचा नाही, टूल नुसतं घासायला लागलं की कर्कश आवाज आणि लाटा.

रुंदी १.०२ ते १.०३. मोजण्यापेक्षा रिंगच बाहेरून खोबणीत फिरवून बघा. सगळीकडे मोकळी फिरली, पण ०.०४ चा फीलर (मापाची पातळ पट्टी) सोबत जात नाही, एवढं हवं. रिंगेची रुंदी आतून बाहेर १.१ धरली तर तळ २२.५ वर. रिंग तळाला टेकली की तिचा स्प्रिंगपणा संपला.

खोबणीच्या कडांचा बर (उरलेली धातूची बारीक धार) बारीक पॉलिश पेपरने एकदाच हलका काढा. कड गोल करू नका.

---

डायल_काका

पिन पिस्टनच्या व्यासापेक्षा सुमारे दीड मिमी आखूड ठेवा आणि दोन्ही टोकांना पीटीएफईची बटणं लावा, नाहीतर पिन सरकून लायनरला चर पाडेल. बटणांसह लांबी २४.५ च्या वर जाऊ देऊ नका, पीटीएफई ॲल्युमिनियमपेक्षाही बरंच जास्त फुगतं. गार असताना पिन अंगठ्याच्या दाबाने सरकावी. चालताना बॉस स्टीलच्या पिनपेक्षा जास्त वाढतो, ती थोडी मोकळी होतेच.

रिंगेचं तोंड बोअरमध्ये ०.०८ ते ०.१०. रिंग पिस्टननेच ढकलून सरळ करा, मग फीलर लावा.

पहिल्यांदा काही मिनिटं चालवून पिस्टन बाहेर काढा आणि चकाकी कुठे आहे ते बघा. वरच्या लँडवर गोल सगळीकडे असेल तर क्राऊन अजून ०.०२ उतरवा. एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली असेल, तीही पिनच्या टोकांच्या दिशेने, तर पिनचं भोक किंवा कनेक्टिंग रॉड वाकडा आहे. रॉड आधी तपासा, तो पुन्हा करणं सोपं. नुसत्या पिनच्या टोकांपाशी, पट्टीसारखी असेल तर पिन घट्ट आहे किंवा बटणं लांब झालीत. स्कर्टवर पिनला काटकोनात, दोन्ही बाजूंना फिकट चकाकी असेल तर हात लावू नका, ती तिथेच हवी.