मदत हवी आहे: हेड बदललेल्या जुन्या मॅसी ३५ ला कोणता पिस्टन-लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) सेट घ्यावा?

नमस्कार मंडळी. आमचं वावर हिंगणघाटजवळ. वडिलांच्या काळचा मॅसी ३५ आहे, इंजिन तीन सिलिंडरचं पर्किन्स ३.१५२. ब्लॉक जुनाच, पण हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि डिझेल पंप मधल्या काळात दुसऱ्या ट्रॅक्टरचे बसवलेले. आता पलटी नांगर ओढताना दम सोडतो, निळा धूर मारतो, ब्रीदरमधूनही (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) भकाभका धूर येतो.

खरा घोळ पिस्टनचा आहे. या इंजिनाचे दोन प्रकार: ए३ प्री-चेंबरचं, म्हणजे डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं; एडी३ डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जातं. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९१.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२७ मिमी. त्यामुळे दुकानदार म्हणतो, कोणताही सेट बसेल. बसेल हो, पण चालेल का? डायरेक्टच्या पिस्टनला माथ्यावर खोल वाटी असते, कारण डिझेल तिथंच जळतं. आमचं हेड उघडलं तर खालून सपाट, चेंबरचं तोंड कुठंच नाही. म्हणजे हेड एडी३ चं, असं माझं मत. मग जुन्या ब्लॉकमध्ये एडी३ चे पिस्टन जुन्याच कनेक्टिंग रॉडवर चालतात का? कोणी असं जोडकाम केलं असेल तर नक्की सांगा.

लायनर ड्राय आहेत, म्हणजे त्यांना थेट पाणी लागत नाही. फिनिश (तयार मापाचे) घ्यावेत की सेमी-फिनिश (थोडे कमी मापाचे) घेऊन बसवल्यावर बोअर-होनिंग करावं, म्हणजे आतून कापून-घासून मापात आणावं? मिस्त्री दुसरं म्हणतो, मलाही तेच पटतं. क्रँक आधी घासलेली दिसते, म्हणून जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मोजल्याशिवाय बेअरिंग घेणार नाही.

वर्धा-नागपूरकडं मायक्रोमीटर लावून काम करणारं लेथ माहीत असेल तर कळवा. पऱ्हाटी (कपाशी) निघाली की नांगरटी आहे, आणि हा ट्रॅक्टर भंगारात द्यायचा नाही.